मजुरी तिथली, मुक्काम इथला



संयोजकांनी मला सुचवलेला विषय होता वाढवण बंदर आणि आपल्या पालघर जिल्ह्याचा विकास. त्यातला विकास मी इतरांसाठी ठेवला आहे. त्यावर बोलणाऱ्यांची सध्या वाण नाही. मला बोलायचं आहे ते उलट्या बाजूनं. एखादा मुलूख भरभराटीला येतो, कामं निघतात, पैसा खेळू लागतो, बाहेरून माणसांची रीघ लागते आणि नेमकी त्याच सुमाराला तिथलीच काही माणसं चंबूगबाळं आवरून निघतात. काम नाही म्हणून माणूस गाव सोडतो, हे समजतं. काम आल्यावर गाव सुटतं, हे काय गौडबंगाल आहे?

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळामास्तर होते. गावातून कोण गेलं, कोण आलं याचा त्यांचा सगळा हिशेब हजेरीपटात असायचा. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की ते वर्गावर नजर टाकत आणि पहिला प्रश्न विचारत, "पटावरचं कोण गेलं?" किती गेले, हे ते विचारत नसत. गेलेल्यांची संख्या सरकारला पुरते, आपल्याला गेलेल्याचं नाव आणि कारण दोन्ही लागतं.

आधी हा प्रश्न मुंबईला विचारू, कारण तिथले आकडे स्वच्छ आहेत. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. अडीच लाख माणसं कमी. त्या दशकात मुंबईत मंदी होती म्हणाल, तर तसं काही नाही. गिरण्यांच्या जागांवर मॉल, कचेऱ्या आणि टोलेजंग इमारती याच काळात उभ्या राहिल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्याही त्याच दहा वर्षांत घटली. आकडा दोन्हीकडे खाली आला, कारणं मात्र एकमेकांच्या उलट. कोकणातला माणूस काम नाही म्हणून निघाला. परळ-लालबागचा माणूस, काम शहरात असूनही, राहणं परवडेना म्हणून निघाला. आणि ठाणे जिल्हा, ज्यात तेव्हा आपणही होतो, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

परळचा माणूस कसा निघाला ते जरा जवळून पाहू. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. पण गिरण्या बंद पडल्या म्हणून गिरणगाव लगेच रिकामं झालं नाही. ते रिकामं झालं पुढच्या पिढीत. दहा बाय बाराची खोली, दोन भाऊ, दोघांची लग्नं. खोलीचा भाव एव्हाना असा चढलेला, की ती विकली तर नालासोपाऱ्यात दोन फ्लॅट येतात. एकाला वाटतं विकावी, दुसऱ्याला वाटतं आईच्या डोळ्यांदेखत नको, आणि वर्षा-दोन वर्षांत विकली जाते. बुलडोझर आला नाही, नोटीस लागली नाही, कुणी धमकावलं नाही. सगळं राजीखुशीनं झालं. कामावर मात्र पुन्हा चर्चगेट-दादरलाच जायचं. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरवर राहूनही मुंबईत नोकरी करता येते, अशी जाहिरात बिल्डरांना करता येऊ लागली. भाडं वाचलं. ते झोपेतून वसूल झालं.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. संगणकाच्या धंद्यानं गबर झालेल्या कॅलिफोर्नियातून शाळाशिक्षक, परिचारिका, सुतार, गवंडी वर्षानुवर्षं टेक्सास आणि नेवाडाकडे निघून जात आहेत, कारण पगारातला मोठा वाटा घरभाडं गिळतं. २०२० च्या जनगणनेनंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या कॅलिफोर्नियाच्या जागा ५३ वरून ५२ झाल्या. त्या राज्याच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं. जगातल्या सर्वांत धनवान मुलखांपैकी एक, आणि राहणाऱ्यांच्या मोजणीत मागे पडतो.

अर्थशास्त्रात याची लांबलचक उत्तरं आहेत. माझ्या मते त्यातलं कामाचं उत्तर एवढंच: जागेचा भाव आणि मजुरीचा दर एका वेगानं चढत नाहीत. जागेचा भाव घोषणेच्या दिवशीच चढतो. मजुरी चढायला आधी कारखाना उभा राहावा लागतो, भरती व्हावी लागते, कामगारांची एकजूट व्हावी लागते, कधी संप करावा लागतो. या दोहोंच्या मधल्या वर्षांत ज्याच्याकडे विकायला जागा आहे तो विकून जातो आणि ज्याच्याकडे ती नाही तो उठून जातो. जनगणनेत दोघं एकाच रकान्यात पडतात. माझ्या हिशेबी ही दोन वेगळी माणसं आहेत.

आता डहाणू-तलासरीकडे येऊ. इथं मुळात माणूस जगतो कसा, हे नीट पाहिलं नाही तर बंदर त्याचं काय करील हेही कळणार नाही. आपल्या दोन तालुक्यांतली बहुतेक घरं एका साध्या हिशेबावर चालतात: मजुरी तिथली, मुक्काम इथला. रोख पैसा येतो वापी-उंबरगावहून, भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवरून, ओखा-पोरबंदरच्या बोटींवरून. राहणं मात्र पाड्यावरचं. कुडाचं घर, त्याला भाडं नाही. वरकस जमिनीवर थोडं भात-नाचणी. जंगलातून सरपण, पावसाळ्यात रानभाज्या, खाडीतले निवट्ये आणि चिंबोऱ्या. यातल्या कशाचीही पावती फाटत नाही, म्हणून ते कुठल्याही उत्पन्नाच्या दाखल्यात दिसत नाही. पण मजुरीचे पैसे पुरतात ते याच्याच जोरावर.

वीटभट्टीचं बघा. दिवाळी झाली की शेठचा माणूस पाड्यावर येतो. उचल आधीच घेतलेली असते. कुणी गणपतीला, कुणी घरातल्या आजारपणाला. टेम्पोत आधी तांदळाची गोणी आणि सुकटीचं गाठोडं चढतं, मग भांडी, गोधड्या, मग पायांना सुतळी बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या, आणि सगळ्यावर मुलं. म्हातारी मागे राहते, किंवा तीही चढते. दाराला कडी, कडीला दोरी. तिकडे भट्टीजवळ वाळलेलं गवत आणि पेंढा रचून उभं केलेलं खोपट, त्याला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं या मुलांसाठी भट्ट्यांवरच शाळा काढल्या, त्यांचं नाव म्हणूनच भोंगाशाळा पडलं. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पावसाच्या तोंडावर, उचल वजा करून. कित्येकदा वजाबाकी संपतच नाही आणि पुढच्या वर्षीची उचल मागच्या वर्षीच्या बाकीवर चढते. मग राब भाजायला आणि भात पेरायला सगळे परत येतात.

यात खरा नफा कुणाचा, याचा विचार करा. भट्टीवाला मजुराला सात-आठ महिने पोसतो. उरलेल्या पावसाळ्यात त्याला पोसतो तो आपला पाडा. आजारी पडला तर पाड्यावर येतो, म्हातारा झाला तर पाड्यावरच येतो. वसई-विरारच्या इमारतींची वीट स्वस्त पडली, त्यात एक भाग डहाणू-तलासरीच्या फुकट मुक्कामाचा आहे. तो कुणी कधी बिलात लावला नाही.

तलासरीची गोष्ट थोडी बरी. पहाटे नाक्यावर टेम्पो आणि जीपगाड्या भरतात, आच्छाडवरून हद्द ओलांडतात आणि माणसं भिलाड, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत उतरतात. उंबरगावच्या पेन्सिलीच्या कारखान्यांत तर बायका मोठ्या संख्येनं आहेत. रात्री सगळे घरी. यातल्या कुणालाही विचारा, वापीत खोली का घेत नाही? उत्तर ठरलेलं: खोली घेतली तर खायचं काय? २०११ साली तलासरी तालुक्यात दर दहांतली नऊ माणसं आदिवासी होती आणि आजही ती तिथंच आहेत. कारखाना हद्दीपलीकडे आणि घर अलीकडे, म्हणून हे जमलं.

बोटींवरच्या खलाशांचा प्रकार मला नेहमी विचित्र वाटतो. दाराशी समुद्र, आणि आपली पोरं जातात सौराष्ट्रात. त्यातली बरीच मूळची मांगेली-कोळी नाहीतच, डोंगराकडच्या पाड्यांवरची वारली पोरं आहेत. पाऊस ओसरल्यावर जायचं, उन्हाळ्याअखेर यायचं. मधल्या काळात बोट सागरी हद्दीपलीकडे गेली, निदान तसा आरोप झाला, की पाकिस्तानी तटरक्षक पकडून कराचीला नेतात. मलीर तुरुंगातल्या भारतीय मच्छीमारांच्या यादीत डहाणू-तलासरीची नावं असतात. सजा संपल्यावरही सुटका कधी होईल याचा भरवसा नसतो, आणि तोवर घर चालतं ते बायकोच्या मजुरीवर. म्हणजे इथंही पुन्हा पाडाच.

या सगळ्यांहून वेगळा एक व्यवसाय आहे, आणि त्याच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. चिंचणी, वरोर, वाढवण, वाणगाव या पट्ट्यात घरोघरी डायमेकिंग चालतं. सोन्याचा पत्रा ज्याच्यावर ठोकून दागिन्याची नक्षी उठवतात तो पोलादी ठसा, म्हणजे डाय. मुंबईच्या झवेरी बाजारातल्या बांगडीवर जी पानफुलं दिसतात त्यातली कितीतरी आधी वरोरच्या एखाद्या ओटीवर पोलादात उलटी कोरली गेलेली असतात. कारागीर खिडकीशी बसतो, कारण उजेड डाव्या बाजूनं यायला हवा. समोर मुठीएवढा पोलादाचा तुकडा पकडीत आवळलेला. बारीक छिन्नी, लहान हातोडी. टोला मोठा पडला तर नक्षी गेली, म्हणून हातोडी जवळजवळ मनगटानंच उचलायची. मध्येच मेणाचा किंवा मातीचा गोळा दाबून ठसा कसा उठतो ते पाहायचं, पुन्हा कोरायचं. आतून आईची हाक येते, तो जेवून येतो आणि तिथंच बसतो. नजर चांगली आहे तोवर हे काम, पुढे मुलगा.

हे काम झवेरी बाजारात का होत नाही? तिथं तर गिऱ्हाईक आहे. कारण तिथं गाळ्याचं भाडं भरून दिवसभर एका पानावर छिन्नी चालवणं कुणाला परवडणार नाही. वाढवणला ओटी फुकट आहे. या कलेचं भांडवल म्हणजे बोटांतलं कसब, आणि त्याच्या जोडीला बिनभाड्याची ओटी. दुसरी गोष्ट काढून घेतली की पहिली आपोआप जाते. बंदराच्या कुठल्याही नकाशावर ही ओटी दाखवलेली नाही आणि तिच्यावर भरावही पडणार नाही. तरी ती जाऊ शकते.

आता बंदर. नव्वदच्या दशकात पी अँड ओ या कंपनीनं वाढवणला बंदर बांधायचं ठरवलं तेव्हा त्याला विरोध झाला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या या प्राधिकरणानं १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नव्या बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं ना हरकत दिली. १९ जून २०२४ ला मंत्रिमंडळानं ७६ हजार २०० कोटींच्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक भिंत, हजार-हजार मीटरचे नऊ कंटेनर धक्के. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा किनारपट्टीवरच्या भिंतींवर अजून आहे आणि ती लिहिणारेही आहेत.

सरकारचं म्हणणं असं, की बंदर समुद्रात होणार, त्यासाठी कुणाचंही घर उठणार नाही. जमीन लागेल ती फक्त रस्ता आणि रेल्वेसाठी. मी हे म्हणणं आज वादापुरतं जसंच्या तसं मान्य करतो. एकही घर उठणार नाही. पण परळमध्ये तरी कुठं घर उठवावं लागलं होतं?

सरकारचाच दुसरा आकडा घ्या. बंदरामुळे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष १२ लाख रोजगार निर्माण होतील. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४ लाख २ हजार होती, तलासरीची १ लाख ५५ हजार. दोन्ही मिळून साडेपाच लाख, त्यात पाळण्यातली पोरं आणि अंथरुणावरचे म्हातारे आले. एवढे रोजगार खरेच आले तर ते करायला बाहेरून माणसं येणार, ही टीका नव्हे, साधी बेरीज आहे. आणि आलेली माणसं राहणार कुठं? सरकारी भाषेत याला आता 'चौथी मुंबई' म्हणतात. पहिल्या मुंबईतून माणसं का निघाली हे मघाशी पाहिलं, तेव्हा चौथीत काय होईल याचा अंदाज आपल्याला असायला हरकत नाही.

ज्याची रस्त्याकडेला वाडी आहे तो चाळ बांधील. भाडेकरू येतील, त्याचा मुलगा ट्रकचा धंदा करील, आणि तो बंदराचं स्वागत करील. त्याला मी दोष देणार नाही. चिकूला घोलवडच्या नावानं २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वाडी सांभाळायला माणूस मिळत नाही आणि मुलांना तोडणीत रस नाही, हे वाडीवाले आपल्याला रोज सांगतात. पुढेमागे तो वाडी विकील आणि जाईल, आणि जाताना रडेलही थोडा. पण जाईल तो पैसे घेऊन.

दुसऱ्या बाजूला आहे तो एकसाली, म्हणजे वर्षावर्षाच्या पट्ट्यानं मिळालेल्या, प्लॉटवरचा वारली, ज्याचा वनहक्काचा दावा अर्धा मंजूर आणि अर्धा फायलीत. आहे ती मोलकरीण, जी धाकटी डहाणूत किंवा चिंचणीत जुन्या घराच्या पडवीत नाममात्र भाड्यानं राहते. आहे तो डायमेकर, ज्याचं घर चार भावांच्या सामाईक नावावर आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजी विकता येऊ नये म्हणून महसूल संहितेत ३६ अ हे कलम आहे, आणि त्याला पळवाटा असल्या तरी त्यानं पुष्कळ जमीन वाचवली. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला ते कलम काय वाचवणार? आणि वाढत्या भाड्याला, बंद झालेल्या पायवाटेला, कुंपण पडलेल्या किनाऱ्याला तर कुठलंच कलम लागत नाही. ओहोटीला वाढवणच्या खडकावर कालवं फोडायला जाणारी बाई घरचं कालवण बिनपैशाचं आणते. ते बंद झालं तर तिच्या नवऱ्याचा पगार न कापताही कापला गेला.

पाण्याचं तर आधीच ठरून गेलंय. सूर्या नदीवरची धरणं आपल्या आदिवासी पट्ट्याच्या सिंचनासाठी म्हणून बांधली. आज सूर्या प्रादेशिक योजनेतून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे न्यायचं ठरलं आहे, १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. मुंबईचं आपल्याशी असलेलं नातं हे असं जुनं आहे. तिथल्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी आपलं गवत जायचं. १९४५ साली गोदावरी परुळेकर झरीला आल्या आणि वारल्यांनी संप केला, तेव्हा मागणी होती ती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये ही. पुढे डहाणूचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र झालं, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना. गवत, लाकूड, वीज, पाणी. वारल्यांच्या त्या लढ्याची एक बाजू मला आजच्या विषयासाठी महत्त्वाची वाटते. वेठ आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबण्याची, पद्धत असताना पळून जाणं हा एक मार्ग होता आणि काही जण पळतही. लढ्यानंतर माणसं जागेवर राहून मजुरीचा दर मागू लागली.

आता माझ्या विरुद्धचा मुद्दा, आणि तो कच्चा नाही. बंदराच्या बाजूचे मित्र मला म्हणतात, "तुमच्या त्या १९९१ च्या अधिसूचनेनं इथं कारखाने येऊ दिले नाहीत, म्हणून तर पोरं वापीला जातात. बंदर आलं असतं तर घरी राहून कामाला गेली असती." उद्योगांना तालुक्यात ५०० एकरांची मर्यादा होती, हे खरं. शिकलेल्या पोरांना इथं काम मिळालं नाही, हेही खरं. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या टेकडीवर ज्यांना अक्षर दिलं त्यांच्या नातवंडांना पदवीनंतर बोईसरला कंत्राटी सुपरवायझर व्हावं लागतं, याचं दुःख मलाही आहे. पण याच मित्रांना मी बोईसर दाखवतो. तारापूरची औद्योगिक वसाहत, १९६९ पासूनचं अणुकेंद्र, भरभराट म्हणतात ती पन्नास वर्षं शेजारी आहे. तिथल्या चाळींत आज कोण राहतं आणि आसपासच्या पाड्यांवरचा वारली तिथं कोणत्या कामावर आहे, हे स्वतः जाऊन पाहा. अणुभट्टी तीन आणि चारसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. काम शेजारी आलं म्हणजे ते शेजाऱ्यालाच मिळतं, असा काही नियम नाही.

बंदराचा अनुभवही दूर शोधायला नको. वाढवणचे प्रवर्तक म्हणजे न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर चालवणारेच. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला जमिनीसाठी गोळीबार झाला, पाच जणांचे बळी गेले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. फार मोठी गोष्ट. पण साडेबारा टक्के कशाचे? तुमच्या नावावरच्या जमिनीचे. ज्याची जमीन म्हणजे समुद्र, त्याच्या साडेबारा टक्क्यांचं काय? शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं बंदरासाठी उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली. तिथं घरांना वाळवी लागली, वासे पोखरले, आणि त्यांच्या फेरपुनर्वसनाचा वाद जवळजवळ चाळीस वर्षं चालला. भिंतीपलीकडे देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक, अलीकडे वाळवी.

म्हणून बंदर व्हावं की होऊ नये यावर माझं मत तुम्हाला माहीत असलं तरी आज मी त्यापुढचं बोलतो आहे. बंदर झालं तर राहायचं कुणी, हे आधी ठरवावं लागेल. बाहेरून येणाऱ्या कामगारांची घरं बांधण्याची जबाबदारी बंदर कंपनीवर आणि ठेकेदारांवर कामाच्या पहिल्या दिवसापासून टाकली, तर गावातल्या खोल्यांची भाडी भडकणार नाहीत. गावठाणांची हद्द आणि कोळीवाड्यांचं सीमांकन भराव पडायच्या आधी झालं, तर निदान वाद तरी कागदावर होईल. मासळी वाळवण्याची खळी आणि बोंबलाच्या वलांडीची जागा ही मोकळी जमीन धरू नये. तो कारखाना आहे, छप्पर नसलेला.

आणि बाधितांची यादी. मासेमारीच्या नुकसानभरपाईची कुठलीही यादी बोटीपासून सुरू होते, कारण बोटीला नंबर असतो. बोट ज्याच्या नावावर तो बाधित. खलाशी, जाळी शिवणारा, बर्फ वाहणारा, खळ्यावर बोंबील पलटणारी, टोपली घेऊन डहाणू रोडच्या बाजारात बसणारी, यांना नंबर नाही. डायमेकरचा तर मासेमारीशी संबंधच नाही, म्हणून तो कुठल्याच यादीत नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीखाली आहेत, पेसा कायदा इथं लागू आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. ही यादी तलाठ्याच्या टेबलावर न होता ग्रामसभेत मोठ्यानं वाचून व्हावी. फक्त ती सभा दिवाळीनंतर ठेवू नका. तेव्हा अर्धा पाडा भट्टीवर असतो आणि खलाशी ओख्याला, आणि गणसंख्या भरली म्हणून ठराव मंजूर होऊन जातो. आषाढात घ्या, लावणी उरकल्यावर, जेव्हा सगळे घरी असतात.